हॅलोविन घरच्या घरी: भोपळा, भुतं आणि नानकटाईची बोटं

अमेरिकेत सप्टेंबर संपायच्या आतच दुकानांत केशरी-काळ्या सामानाचे ढीग लागतात, प्लॅस्टिकचे सांगाडे, फुगवायची भुतं, पाकिटातले कोळी, आणि पोरं एकेक उचलून कार्टमध्ये टाकत सुटतात. माझं स्पष्ट मत आहे की यातलं जवळजवळ काहीच विकत घ्यावं लागत नाही. आपल्या घरात आठवड्याला दोन-दोन गॅलन दूध येतं त्याचे रिकामे डबे असतात, कपाटात एखादा जुना मलमलचा दुपट्टा असतो, स्वयंपाकघरात तूप-गूळ-रवा-बेसन असतं, आणि त्यातून जे तयार होतं ते मुलांच्या हातचं असतं. मुलं नंतर वर्षभर त्याचंच सांगत राहतात, दुकानातल्या सांगाड्याचं कुणी सांगत नाही. म्हणून घरी करून चांगलं जमतं असं सगळं इथे लिहितेय, मापांसकट आणि कोणतं काम कुठल्या वयाच्या मुलाला द्यायचं त्यासकट.

आधी एक गोष्ट ठरवून टाका: दारावर काय आणि घरात काय

हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, संध्याकाळी भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार कँडी मागत फिरणाऱ्या मुलांना (याला इथे ट्रिक ऑर ट्रीट म्हणतात) घरी केलेला खाऊ द्यायचा नाही. कितीही प्रेमाने केलेला असला तरी आईवडील तो घरी गेल्यावर बाजूला काढतात, कारण अनोळखी घरातलं उघडं काही खायचं नाही हे इथे प्रत्येक मुलाला शिकवलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. दारावर फक्त सीलबंद छोटी चॉकलेटं किंवा कँडी. शाळेतल्या पार्टीचंही तसंच, बऱ्याच शाळा दुकानातलं, मागे घटकपदार्थ छापलेलं पाकीटच घेतात, काही शाळांना खाऊच नको असतो, त्यामुळे टीचरचा ईमेल नीट वाचा आणि मगच करायला घ्या. घरी केलेला सगळा खाऊ आपल्या घरच्यांसाठी, घरी येणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी आणि ओळखीच्या शेजाऱ्यांसाठी.

आणखी एक. खूप मुलांना शेंगदाणे, दूध, अंडी, तीळ यांची अ‍ॅलर्जी असते. त्यांच्यासाठी इथे टील पंपकिन नावाचा उपक्रम आहे, फूड अ‍ॅलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेने तो २०१४ पासून देशभर नेला. करायचं एवढंच की एक भोपळा निळसर हिरव्या रंगाने रंगवून दाराशी ठेवायचा आणि कँडीच्या टोपलीशेजारी वेगळ्या टोपलीत पेन्सिली, स्टिकर, ग्लो स्टिक, बाउन्सी बॉल असं काहीतरी ठेवायचं. वेगळी टोपली हवीच, एकत्र ठेवलं की कँडीची पूड लागते. हे जरूर करा, ज्या मुलाला दरवर्षी अर्धी पिशवी दुसऱ्याला देऊन टाकावी लागते त्याला तुमच्या दारात मनासारखं काहीतरी मिळतं.

शाकाहारी घरांसाठी पण सांगते, मार्शमेलो, गमीज आणि तो तिरंगी कँडी कॉर्न यात बहुतेक वेळा जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं. व्हीगन मार्शमेलो मिळतात, पाकीट उलटून बघायची सवय लावा आणि वाचता यायला लागलेल्या मुलांना हे काम देऊन टाका, ती फार मन लावून करतात.

भोपळा

भोपळा कोरायची प्रथा आयर्लंड-स्कॉटलंडकडची, तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, १९व्या शतकात तिकडची माणसं अमेरिकेत आली आणि इथे त्यांना सलगमपेक्षा मोठा, मऊ आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. दुकानात दोन जातीचे भोपळे दिसतील. मोठा, पातळ भिंतींचा तो कोरायचा, त्याचा गर पाणचट आणि तंतुमय असतो, खायला मजा नाही. छोटा, गोल, जड तो शुगर पंपकिन किंवा पाय (pie) पंपकिन, तो खायचा. दोन्ही घ्या, एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका.

कोरायचा भोपळा निवडताना तळ सपाट आहे ना बघा, सगळीकडून दाबून बघा, कुठे मऊ लागला तर नको. देठ हिरवट आणि घट्ट असावा पण देठाला धरून उचलू नका, तुटतो. आणि लवकर कोरू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं! कोरलेला भोपळा हवेप्रमाणे तीन ते सात दिवसांत मान टाकतो, ऊन असेल तर त्याहून आधी, त्यामुळे २८-२९ तारखेच्या आधी सुरी लावायची नाही. न कोरलेला मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो.

आता कोरायचं कसं. टेबलावर जुने पेपर पसरा. बहुतेक लोक वरून झाकण कापतात, पण मागच्या बाजूने किंवा तळातून भोक पाडलं तर देठ शाबूत राहतो, भोपळा लवकर बसत नाही आणि दिवा ठेवायलाही सोपं जातं. वरूनच कापायचं असेल तर सुरी तिरकी धरा, म्हणजे झाकण आत पडणार नाही. मग आतल्या बिया आणि तंतू काढायचे, हे काम पूर्ण मुलांचं, बाह्या वर करून दोन्ही हात आत. पाच-सहा वर्षांची मुलं सुरुवातीला ईईई करतात आणि मग हात बाहेर काढत नाहीत. बिया एका भांड्यात वेगळ्या ठेवा, त्या टाकायच्या नाहीत. नंतर आइस्क्रीमच्या स्कूपने आतली भिंत खरवडत राहायचं, साधारण एक इंच जाडी राहिली पाहिजे, ज्या बाजूला चेहरा करायचा ती थोडी जास्त पातळ चालेल. भिंत जाड राहिली तर कोरताना करवत अडकते आणि उजेडही नीट बाहेर येत नाही.

चेहरा आधी कागदावर काढा, तो कागद भोपळ्याला टेपने चिकटवा आणि रेषेवरून टाचणीने जवळजवळ भोकं पाडत जा, कागद काढला की ठिपक्यांची रांगोळी तयार. ठिपके जोडत कापायचं. त्यासाठी घरातली मोठी सुरी वापरू नका, ती घसरते आणि दरवर्षी लोक हात कापून घेतात, कोरायच्या छोट्या दातेरी करवती अगदी स्वस्तात मिळतात आणि त्याच चांगल्या. कापणारे हात मोठ्यांचेच, १०-१२ वर्षांच्या मुलांना शेजारी बसून करू द्या. डोळे-नाक आधी, तोंड सगळ्यात शेवटी, कारण तोंड कापलं की पुढची बाजू कमकुवत होते. दात मोठे ठेवा, बारीक दात दोन दिवसांत वाळून आत वळतात.

टिकवण्यासाठी: एक गॅलन पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच घालून त्या पाण्याने आतून-बाहेरून पुसून घ्या, पूर्ण वाळू द्या, मग कापलेल्या कडांना व्हॅसलीनचं बोट फिरवा. रात्री उशिरा गॅरेजमध्ये ठेवलात तर खारी सकाळी नाक खाऊन गेलेल्या नसतील. आत दिवा बॅटरीवरचाच ठेवा. मेणबत्ती दिसते छान, पण दारात लांब झगे आणि केप घातलेली लहान मुलं वाकून बघतात, ते कपडे भसकन पेट घेतात. बॅटरीचे छोटे दिवे एकदाच घेऊन ठेवा, दिवाळीत त्याच पणत्या होतात. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती, तेव्हा सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी ट्रिक ऑर ट्रीट असं ज्यांच्या घरी झालं त्यांना हे सांगायला नको.

तीन-चार वर्षांच्या मुलांना कोरायला नाहीच द्यायचं, त्यांना छोटे भोपळे आणि अ‍ॅक्रिलिक रंग द्या. किंवा रंगीत टेप, टिकल्या, लोकर. हळदीकुंकवातल्या उरलेल्या टिकल्यांचे भोपळ्यावर फार सुंदर डोळे होतात.

बिया

धुवून तंतू काढा, थोडे राहिले तरी चालतात. मीठ घातलेल्या पाण्यात १० मिनिटं उकळा, त्याने मीठ आतपर्यंत जातं आणि साल कुरकुरीत होते. निथळून कपड्यावर खडखडीत कोरड्या करा, ओल्या बिया भाजल्या जात नाहीत, नुसत्या शिजतात. दोन कप बियांना एक मोठा चमचा तेल, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, तिखट. ३२५ डिग्री फॅरनहाइटला २० ते २५ मिनिटं, मध्ये दोनदा हलवा. बाहेर काढून गरम असतानाच चाट मसाला. सालासकट खायच्या. या बिया दिवाळीच्या चिवड्यातही चालतात.

भुतं, डोळे आणि जाळी

सजावटीत मला सगळ्यात आवडतं ते खळीचं भूत. सुती साडीला खळ करतात तशीच करायची, फक्त जरा दाट. एक कप पाणी उकळत ठेवा, पाव कप गार पाण्यात दोन मोठे चमचे कॉर्नस्टार्च गुठळी न ठेवता कालवा, उकळत्या पाण्यात ओता आणि ढवळत राहा, मिनिटभरात पांढरट पाणी पारदर्शक आणि दाट होतं. कोमट होऊ द्या. तोपर्यंत साचा तयार करा: एक उंच बाटली, तिच्या तोंडावर फुगवलेला छोटा फुगा टेपने बसवा, हे डोकं, आणि बाटलीच्या दोन्ही बाजूंनी तार गुंडाळून पुढे काढा, हे हात. खाली मेणकागद. आता जुन्या मलमलच्या दुपट्ट्याचा नाहीतर दुकानातल्या चीजक्लॉथचा साधारण दोन फुटी चौकोन खळीत बुडवा, हलका पिळा आणि साच्यावर टाका, कडा जमिनीला टेकून बाहेर पसरल्या पाहिजेत कारण त्यावरच ते उभं राहणार आहे. रात्रभर वाळू द्या, हवा दमट असेल तर दोन रात्री. सकाळी फुगा फोडायचा, बाटली खालून अलगद काढायची, आणि भूत आपलं आपण उभं. आत काही नाही आणि तरी उभं आहे याचं मुलांना काय वाटतं ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच कळतं. काळ्या फेल्टचे दोन डोळे चिकटवा. भारतातून आजी आलेली असेल तर खळीचं काम तिच्याकडे द्या, दाट किती हवी ते तिला हाताला कळतं. हे भूत घरातच ठेवायचं, पाऊस लागला तर खळ विरघळून चिंध्या होतात.

बाहेर पायवाटेला दुधाच्या गॅलनची भुतं. अर्धपारदर्शक डबा धुवून वाळवा, झाकण तसंच, काळ्या मार्करने डोळे आणि गोल तोंड काढा, मागच्या बाजूला मुठीएवढं भोक कापा, त्यातून लाइटची माळ आत टाका, एका माळेत चार-पाच डबे होतात. वारा असेल तर प्रत्येकात मूठभर खडी. सप्टेंबरपासून डबे जमवायला लागा.

झुडपातले डोळे तर इतके सोपे आहेत की चार वर्षांचं मूलही मदत करतं. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीवर दोन डोळे कापायचे, तिरके, गोल, कसेही, दोन्ही तोंडं काळ्या टेपने बंद करण्याआधी आत वाकवून उजळवलेली ग्लो स्टिक सरकवायची आणि झुडपात खोचून द्यायचं. अंधारात नळी दिसतच नाही, नुसते डोळे. ग्लो स्टिक काही तासच चालते, म्हणून त्याच संध्याकाळी वाकवा.

कोळ्याचं जाळं काळ्या कचऱ्याच्या पिशवीचं करा. पिशवी कापून चौकोन करा, तिकोनी घडी, परत घडी, परत घडी, शेवटी लांबट सुळका होईल, मग शाळेत कागदाची नक्षी कापायचो तसं एका बाजूने वळणदार पट्टे कापत जा, टोकाकडचं जोडलेलं ठेवा, उलगडलं की जाळं. खिडकीला टेपने लावा. दुकानातली ती कापसासारखी ताणायची जाळी मात्र झाडावर अजिबात लावू नका, त्यात पक्षी आणि वटवाघळं अडकतात, सुटता सुटत नाहीत. बाहेर जाळं हवंच असेल तर जाड दोरीचं मोठ्या घरांचं विणा.

काळ्या कार्डशीटची वटवाघळं कापून पंख दुमडून जिन्याच्या भिंतीवर लावा, भाड्याचं घर असेल तर पेंटरवाली निळी टेप, रंग निघत नाही.

खाऊ

आधी झटपट होणारे. केळं आडवं अर्धं कापून उभं करायचं, चॉकलेट चिप्सचे दोन डोळे आणि तोंड, झालं भूत. सोललेल्या संत्र्यात वर सेलरीचा हिरवा तुकडा खोचला की भोपळा. हे दोन्ही अगदी लहानांसाठी, वाढायच्या पाच मिनिटं आधी करा कारण केळं काळं पडतं.

आता नानकटाईची बोटं, यासाठी थोडा वेळ काढा. अर्धा कप घट्ट (पातळ नको) साजूक तूप आणि अर्धा कप पिठीसाखर हलकं होईपर्यंत फेसा. त्यात एक कप मैदा, पाव कप बेसन, दोन मोठे चमचे बारीक रवा, चिमूट मीठ, वेलची. सोडा किंवा बेकिंग पावडर घालायची नाही, नेहमीची नानकटाई फुलून तडकायला हवी असते पण इथे बोटाचं बोट राहिलं पाहिजे. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये. मग करंगळीपेक्षा बारीक वळकट्या करा, बारीकच, कारण भाजताना पसरतात. मधोमध दोन ठिकाणी हलकं दाबून पेर काढा, पेरावर सुरीच्या बोथट बाजूने तीन-तीन रेषा. टोकाला नख म्हणून बदाम दाबा, आणि अ‍ॅलर्जीचा प्रश्न असेल तर सोललेली हिरवी भोपळ्याची बी, ती तर बदामापेक्षाही भयानक दिसते. ट्रेसकट परत १५ मिनिटं फ्रिजमध्ये. ३२५ डिग्रीला १८ ते २० मिनिटं, कडा किंचित रंगल्या की काढा, गरम असताना हात लावू नका, मोडतात. गार झाल्यावर नख अलगद उचलून खाली स्ट्रॉबेरी जॅमचा थेंब लावून परत दाबा, लाल कडा नखाभोवती दिसली पाहिजे. अंडं नाही, डब्यात आठवडाभर राहतात.

ममी करायला लोक सॉसेजला पीठ गुंडाळतात, आपण पनीर घ्यायचं. बोटाएवढे तुकडे, दही न घालता नुसतं आलं-लसूण, तिखट, मीठ चोळून (दह्याने पेस्ट्री ओली होते). फ्रोझन पफ पेस्ट्रीची शीट ४० मिनिटं बाहेर ठेवून अर्धा सेंटीमीटरच्या पट्ट्या कापा आणि पनीरभोवती बँडेजसारख्या वेड्यावाकड्या गुंडाळा, वरच्या बाजूला थोडी फट ठेवा. दुधाचा हात फिरवून ४०० डिग्रीला १८-२० मिनिटं. फटीत काळ्या ऑलिव्हचे दोन ठिपके. गरम गरम केचपबरोबर. गुंडाळायचं काम सात-आठ वर्षांच्या मुलांना बरोबर जमतं आणि जेवढं वाकडं तेवढं छान.

पॉपकॉर्न बॉल्स ही इथली जुनी हॅलोविनची गोष्ट, साखर आणि कॉर्न सिरपची. गुळाची केली तर चुरमुऱ्याचे लाडू करतो तीच रीत. पाऊण कप चिक्कीचा गूळ, एक चमचा तूप, एक चमचा पाणी, मंद आचेवर. पाक वाटीतल्या गार पाण्यात टाकून बघा, गोळी झाली आणि ती वाटीवर आपटल्यावर टणकन वाजली की गॅस बंद. लगेच आठ कप साधे पॉपकॉर्न, न फुटलेले दाणे आधीच काढलेले, घालून हलवा आणि ओल्या हाताने पटापट लाडू. पाक फार गरम असतो, हे पूर्ण मोठ्यांचं काम, मुलांनी नंतर त्यावर पांढऱ्या चॉकलेटच्या थेंबाने डोळे चिकटवायचे, कुणाला एक, कुणाला पाच. चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतो, अख्खी द्राक्षं आणि अख्खे दाणेसुद्धा नको.

आणि घारगे. शुगर पंपकिन नाही मिळाला तर बटरनट स्क्वॉश घ्या, उत्तम होतात. दोन कप किस आणि एक कप गूळ तुपावर एकत्र शिजवा, गूळ विरघळून किस मऊ झाला की उतरवा, कोमट असताना दोन चमचे तांदळाची पिठी, मीठ, जायफळ आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळा, पाणी अजिबात नाही. तासभर झाकून ठेवा. जाडसर लाटून भुताच्या किंवा वटवाघळाच्या कुकी कटरने कापा, मध्यम आचेवर तळा, गुळामुळे मोठ्या आचेवर पटकन काळे होतात. इथल्या मुलांना पंपकिन स्पाइसची (दालचिनी-जायफळाच्या मसाल्याची) चव ओळखीची असते, त्यामुळे जायफळाचे घारगे शेजारची मुलंही दुसऱ्यांदा मागतात.

कॅरमल अ‍ॅपल (काडी खोचून कॅरमलमध्ये बुडवलेली सफरचंदं) करायचे असतील तर दोनच गोष्टी सांगते. दुकानातल्या सफरचंदावर मेण असतं, गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून चोळून पुसल्याशिवाय कॅरमल धरत नाही, घसरून खाली साचतं. आणि काडी खोचलेलं सफरचंद बाहेर ठेवायचं नाही, फ्रिजमध्येच ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत पाकीटबंद कॅरमल अ‍ॅपलमधून लिस्टेरिया या जंतूची मोठी साथ झाली होती, काडीच्या भोकातून रस कॅरमलखाली येतो आणि तिथे जंतू वाढतात. त्यापेक्षा फोडी करा आणि कॅरमल वाटीत द्या.

कधी काय

पंधरा दिवस आधी कागदी काम: वटवाघळं, पिशवीची जाळी, गॅलनवर चेहरे. त्याच वेळी एखादा भोपळा टील रंगवून टाका. आठवडाभर आधी खळीचं भूत. २८-२९ला कोरकाम, त्याच रात्री बिया. ३०ला नानकटाई आणि लाडू. ३१ला शाळेतून आल्यावर ममी आणि घारगे, आणि हे पाचच्या आत पोटात गेलं पाहिजे, भरल्या पोटी निघालेलं मूल कँडी कमी खातं. केपच्या पाठीवर परावर्तक टेपची पट्टी, हातात टॉर्च, मुखवट्याऐवजी चेहऱ्यावर रंग म्हणजे बाजूने येणारी गाडी दिसते. घरी थांबणाऱ्याने दारावरचा दिवा चालू ठेवायचा, दिवा चालू म्हणजे या, बंद म्हणजे पुढे जा, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. कँडी संपली की दिवा घालवा.

१ नोव्हेंबरला कोरलेले भोपळे कचऱ्यात टाकू नका. आधी आतले दिवे, टेप, टिकल्या काढा. रंग लावलेले आणि ब्लीचने पुसलेले प्राण्यांना घालायचे नाहीत. बाकीचे तुकडे करून कंपोस्टमध्ये, पण बिया काढून, नाहीतर पुढच्या जूनमध्ये सगळीकडे वेल. इलिनॉयसारख्या ठिकाणी गावागावात हॅलोविननंतरच्या शनिवारी भोपळे फोडायचा कार्यक्रम असतो आणि ते सगळं कंपोस्टला जातं, तुमच्या गावच्या वेबसाइटवर बघा, मुलांना भोपळा उंचावरून आपटायला मिळतो.

दुधाच्या गॅलनची भुतं मात्र जपून ठेवा, मार्कर स्पिरिटने पुसला की चेहरा बदलता येतो.